नावे ठेवणारे खलाशी

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. बारशाला आपण नाव ठेवतो आणि जेवण बिघडले की स्वयंपाकाला नावे ठेवतो. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही हे दोन्ही अर्थ एकत्र आलेले आठवतील. पातळ आमटीला काहीतरी गमतीदार नाव पडते, डाळ शोधायला पाणबुड्या बोलवावा अशी सूचना कोणीतरी करतो, सगळे हसतात आणि तीच आमटी भातावर ओतून घेतात. लेखी तक्रार कोणी केलेली नसते. पण ते नाव हीच तक्रार असते.

जगातील आरमारांमध्ये अशी नावे ठेवण्याची कला फार वाढीला लागली. खलाशाला वरिष्ठांशी वाद घालण्याची मुभा नव्हती, समुद्रात नोकरी सोडून जाण्याची सोय नव्हती, आणि पानात पडेल ते खाण्यावाचून गत्यंतर नव्हते. थट्टा करण्याला मात्र बंदी नव्हती. ब्रिटिश आरमारातील खलाशांनी आपल्या अन्नाला, पेयाला आणि मापांना ठेवलेली नावे आम्ही येथे पाहणार आहोत. ती गमतीची आहेतच. पण त्यांच्या मागे पोषण, अन्न टिकवणे आणि मोजमाप यांचा बराच इतिहास दडलेला आहे. या थट्टेकडे लक्ष दिले तेव्हा काय झाले आणि कानाडोळा केला तेव्हा काय झाले, हेही त्यातून कळते.

चौदा इंचांची झोळी

अठराव्या शतकातील युद्धनौकेवर खलाशी तोफांच्या मजल्यावरच राहत, जेवत आणि झोपत. झोपण्यासाठी तुळयांना टांगलेली कापडी झोळी असे. प्रत्येक झोळीला नियमाप्रमाणे जागा मिळे ती फक्त १४ इंच रुंद, म्हणजे सुमारे ३६ सेंटिमीटर. आपल्या वर्गातील बाकावरसुद्धा मुलाला साधारण याहून जास्त जागा मिळते. सुदैवाने निम्मे खलाशी आळीपाळीने पहाऱ्यावर असत, म्हणून झोपणाऱ्याच्या वाट्याला प्रत्यक्षात दुप्पट जागा येई.

साधारण आठ खलाशांची एक पंगत असे. दोन तोफांच्या मधे टांगलेले मेज ही त्यांची जेवणाची जागा. दर माणशी रोज एक पौंड बिस्किट आणि एक गॅलन बिअर, आठवड्यातून काही दिवस खारवलेले मांस, उरलेल्या दिवशी वाटाणे, दलिया, लोणी, चीज असा शिधा ठरलेला असे. वर्षानुवर्षे पिंपात राहिलेल्या मांसाला खलाशी 'खारा घोडा' म्हणत. त्याचे दुसरे नाव 'जंक'. जंक म्हणजे मुळात जहाजावरचा जुना, टाकाऊ दोर.

ज्या दिवशी मांस मिळत नसे त्याला त्यांनी नाव दिले 'बनियन डे'. या शब्दाचे मूळ आपल्या जवळचे आहे. पश्चिम किनाऱ्यावर व्यापारासाठी आलेल्या इंग्रजांना मांस न खाणारे गुजराती बनिया व्यापारी भेटले, आणि बिनमांसाचा दिवस हा बनियांचा दिवस ठरला. अंगात घालायच्या 'बनियन'चे मूळही याच शब्दात सांगितले जाते. खलाशांच्या जाड कापडाच्या 'डंगरी'चे नाव तर थेट मुंबईतल्या डोंगरीवरून आले आहे. तेथे मिळणारे भरड सुती कापड जहाजांवर वापरले जाई.

हे कोणाला?

शिध्यातले मांस एकसारखे नसे. एका तुकड्यात नुसते हाड, दुसऱ्यात चरबी, तिसऱ्यात खरे मांस. मग वाटणी कशी करायची? खलाशांनी यावर एक खेळच शोधून काढला होता. एक जण वाट्यांकडे पाठ करून बसे. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून मोठ्याने विचारी, "हे कोणाला?" पाठमोरा माणूस पंगतीतील कोणाचेही एक नाव घेई. ज्याचे नाव येईल त्याला तो वाटा. कुरकूर करायला जागा नाही, आणि हाड कोणाकडे जाते यावर हशा ठरलेला.

१७८९ साली 'बाउंटी' जहाजावर बंड होऊन कॅप्टन ब्लाय याला काही माणसांसह एका उघड्या होडीत सोडून देण्यात आले. उपासमारीच्या त्या प्रवासात हाती लागलेल्या एका लहान समुद्रपक्ष्याचे अठरा वाटे करण्यात आले, तेही याच पद्धतीने. पक्ष्याची चोच आणि नख्या नेमक्या कॅप्टनच्या वाट्याला आल्या तेव्हा ती भुकेलेली माणसे किती हसली, हे ब्लाय स्वतः पुढे सांगत असे.

विज्ञानाच्या शिक्षकांनी या खेळाकडे जरा थांबून पाहावे. वाटणाऱ्याला वाटा दिसत नाही आणि नाव कोणत्याही क्रमाने येते. आज आपण ज्याला यदृच्छ वाटप म्हणतो ते हेच. औषधांच्या चाचणीत रुग्णांचे गट अशा पद्धतीने पाडण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यापासून रुजली. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन देऊन केलेल्या आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीचे उदाहरण त्यात प्रामुख्याने दिले जाते. पक्षपात कसा टाळावा हे मात्र खलाशी भुकेपोटी कधीच शिकले होते.

बिस्किटातले सहप्रवासी

जहाजाचे बिस्किट म्हणजे पीठ आणि पाणी मळून, भाजून, पूर्ण वाळवलेली कडक चकती. ओलावा नसल्यामुळे त्याला बुरशी लवकर धरत नसे. परंतु दमट कोठारात त्यात किडे मात्र होत. खाण्यापूर्वी बिस्किट मेजावर आपटून किडे पाडण्याची सवय खलाशांना लागली होती, आणि ही ठकठक जहाजावरच्या थट्टेचा कायमचा विषय होती.

कॅप्टन कुकच्या 'एन्डेव्हर' जहाजावरील निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने १७६९ मध्ये आपल्या रोजनिशीत या किड्यांची शास्त्रीय नोंद केली. त्यांच्या जाती ओळखल्या, एका बिस्किटातून हजारो किडे झटकलेले पाहिल्याचे लिहिले आणि त्यांची चव मोहरीसारखी झणझणीत असल्याचेही नमूद केले. त्याच नोंदीत आणखी एक गोष्ट आहे. अधिकाऱ्यांसाठीची बिस्किटे मंद भट्टीत ठेवली की उष्णतेने किडे आपोआप निघून जात. पण सामान्य खलाशांना ही सोय देता येत नसे. म्हणजे उपाय माहीत होता, मात्र तो कोणाच्या ताटापर्यंत पोहोचायचा हे हुद्द्यावर ठरत होते.

ग्रॉग आणि बंदुकीची दारू

पिंपातले पाणी काही आठवड्यांत शेवाळते आणि बिअर आंबते, म्हणून उष्ण प्रदेशातील जहाजांवर रम देण्यात येऊ लागली. दर माणशी रोज अर्धा पाइंट, म्हणजे सुमारे पाव लिटर, कडक रम! त्यामुळे डोलकाठीवरून पडण्यापासून मारामारीपर्यंत सर्व काही घडू लागले. ऑगस्ट १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्नन याने हुकूम काढला, की रममध्ये चौपट पाणी मिसळावे आणि ती दोन वेळा विभागून द्यावी. हा ॲडमिरल 'ग्रोग्रॅम' नावाच्या भरड कापडाचा झगा घालीत असे, म्हणून खलाशी त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणत. आता त्याच्या त्या पाणचट पेयालाही त्यांनी 'ग्रॉग' हेच नाव ठेवले.

रममध्ये हुकमापेक्षा जास्त पाणी घातलेले नाही हे कसे ओळखायचे? यासाठी एक जुनी चाचणी सांगितली जाते. बंदुकीची दारू रममध्ये भिजवून पेटवायची. अल्कोहोल जळून गेल्यावर मागे उरलेल्या पाण्याने दारू ओली होऊन बसली, तर रम कमअस्सल. ती पेटली, तर रमची कडकपणाची साक्ष पटली. या 'प्रूफ'ची सीमा आकारमानाने सुमारे ५७ टक्के अल्कोहोल इतकी येते. पुढे १८१६ च्या ब्रिटिश कायद्याने यासाठी साइक्सचा हायड्रोमीटर प्रमाण ठरवला. अल्कोहोलची घनता पाण्यापेक्षा कमी असते, त्यामुळे मिश्रणात अल्कोहोल जितके जास्त तितके हे उपकरण खोल बुडते. संशयाचे असे मापात रूपांतर झाले. रमचा हा रोजचा शिधा ३१ जुलै १९७० रोजी बंद झाला, तेव्हा खलाशांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या आणि रमची लुटुपुटीची अंत्ययात्रा काढली.

लिंबू कोणते?

स्कर्व्ही या रोगाने हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणसे मरत. २० मे १७४७ रोजी 'सॅलिसबरी' जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टरने बारा रुग्ण निवडले. त्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला: सायडर, सौम्य गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचे पाणी, लसूण-मोहरी वगैरेंचे चाटण, आणि शेवटच्या जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत फळे संपली, पण तेवढ्यात त्या जोडीपैकी एक जण कामावर जाण्याइतका सुधारला होता.

प्रयोग मोठ्या तोलाचा होता, पण त्यात एक उणीव होती. कोणत्या रुग्णाला काय द्यायचे हे लिंडने स्वतः ठरवले, आणि समुद्राच्या पाण्याची जोडी त्याने जास्त आजारी रुग्णांची केली. पंगतीतला 'हे कोणाला?' हा खेळ त्याने वापरला असता, तर प्रयोग आणखी भक्कम झाला असता.

लिंडचे पुस्तक १७५३ मध्ये आले. आरमाराने लिंबाचा रस नियमित देण्याचे ठरवले ते १७९५ मध्ये, बेचाळीस वर्षांनंतर. त्यानंतर ब्रिटिश आरमारातून स्कर्व्ही झपाट्याने हटली. रस पिणाऱ्या या ब्रिटिश खलाशांना पुढे अमेरिकन खलाशांनी 'लाइम-ज्यूसर' आणि मग नुसतेच 'लायमी' असे चिडवायला सुरुवात केली.

येथे नावाने घोटाळा केला. आपण मराठीत 'लिंबू' म्हणतो त्यात अनेक फळे येतात. इंग्रजीत पिवळे, जाड सालीचे ते लेमन आणि आपल्या कागदी लिंबासारखे ते लाइम. पण त्या काळी जहाजावर दोन्हींच्या रसाला सर्रास 'लाइम ज्यूस' म्हणत. १८६० नंतर आरमाराने भूमध्य समुद्राकडील लेमन सोडून वेस्ट इंडीजमधील ब्रिटिश वसाहतींतले लाइम घ्यायला सुरुवात केली. नाव तेच राहिले, फळ बदलले. लाइमच्या रसात क जीवनसत्त्व कमी असते, आणि साठवणीत हवेमुळे व तांब्याच्या संपर्कामुळे उरलेलेही नष्ट होते. १८७५-७६ च्या ब्रिटिश उत्तर ध्रुवीय मोहिमेत स्कर्व्ही पुन्हा उफाळली. बर्फावर गेलेल्या तुकड्यांजवळ बहुधा रस नव्हता. पण जहाजावर तो असताना आजार झालाच कसा, यावर एवढा वाद माजला की पुष्कळांचा लिंबावरचा विश्वासच उडाला. १९१८ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले, की ताज्या लाइमचा रस लेमनच्या सुमारे चौथाई प्रभावी असतो आणि साठवलेला तर जवळजवळ निरुपयोगी ठरतो. याचा अर्थ ताजे कागदी लिंबू वाया आहे असा मुळीच नाही. पिंपात महिनोन् महिने ठेवलेल्या रसाची ही गोष्ट आहे.

म्हणजे 'लायमी' या चिडवण्यात ज्या फळाचे नाव अजरामर झाले, ते खलाशांना वाचवणारे मूळ फळ नव्हेच. थट्टा काहीतरी बिनसल्याची खूण देते. पण ते का बिनसले हे प्रयोगानेच शोधावे लागते.

शास्त्रज्ञही या थट्टेपासून दूर नव्हते. १९२८ च्या सुमारास आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी हे द्रव्य वेगळे केले, तेव्हा ते काय आहे हे त्यांनाच माहीत नव्हते. शर्करांच्या नावाअखेरचा 'ओज' घेऊन त्यांनी त्याला 'इग्नोज' म्हटले, म्हणजे 'ठाऊक नाही'. संपादकाने हे नाव नाकारले, तेव्हा त्यांनी 'गॉडनोज', म्हणजे 'देव जाणे', असे सुचवले. शेवटी ते 'हेक्झुरॉनिक आम्ल' म्हणून छापले गेले. तेच क जीवनसत्त्व. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

डब्यातले मांस

हवाबंद डब्यात अन्न उकळून टिकवण्याची पद्धत फ्रान्सच्या निकोला आपेर याने १८१० मध्ये प्रसिद्ध केली, आणि काही वर्षांतच ब्रिटिश आरमारात डबे पोहोचले. पण १८५२ मध्ये गोल्डनर नावाच्या पुरवठादाराचे डबे आरमाराच्या कोठारात उघडले, तर बहुतेक सडलेले निघाले. एक कारण असे, की स्वस्ताईसाठी डबे मोठे केले होते आणि मध्यभागापर्यंत पुरेशी उष्णता पोहोचतच नव्हती. जंतूंमुळे अन्न कुजते हे पाश्चरचे काम अजून व्हायचे होते, त्यामुळे नेमके काय चुकले हे कोणालाही सांगता येत नव्हते.

डब्यांवरचा हा अविश्वास खलाशांच्या मनात टिकून राहिला. ऑगस्ट १८६७ मध्ये इंग्लंडमधील ऑल्टन या गावी फॅनी ॲडम्स या आठ वर्षांच्या मुलीची अमानुष हत्या झाली. त्याच सुमारास जहाजांवर डबाबंद मटण आले. डब्यात तीच असावी, असे खलाशी म्हणू लागले आणि त्या मटणाचे नाव पडले 'फॅनी ॲडम्स'. रिकामे डबे भांडी म्हणून वापरत, त्यांनाही 'फॅनी' म्हणू लागले. पुढे या नावाचा अर्थ 'काहीच नाही' असा झाला. एका निष्पाप मुलीचे नाव असे वापरले गेले हे वाचून अंगावर काटा येतो. खलाशांचा विनोद नेहमी निरागस नव्हता. त्यांच्यावर होणाऱ्या कठोरपणाचा राप त्या विनोदावरही चढला होता.

चौदा औंसांचा पौंड

थट्टेचा सर्वांत आवडता बळी म्हणजे जहाजाचा कोठावळा. तो मेलेल्या खलाशालाही तंबाखू खायला लावतो, असे म्हणत. म्हणजे मेलेल्याच्या नावावर तंबाखूचे पैसे लावतो. त्याच्या वजनाला 'कोठावळ्याचा पौंड' म्हणत. खरा पौंड सोळा औंसांचा. हा चौदा औंसांचा, कारण साठवणुकीतली घट त्याने भरून काढावी अशी रूढीच होती. वर्गात हे गणित करून पाहण्याजोगे आहे. दर पौंडामागे दोन औंस म्हणजे साडेबारा टक्के, सुमारे ५७ ग्रॅम. पाचशे खलाशांच्या जहाजावर एक पौंडाच्या एकाच जिनसात रोज २८ किलोंहून अधिक तूट आली!

या पौंडावर खलाशी कित्येक वर्षे हसत होते. १६ एप्रिल १७९७ रोजी स्पिटहेड येथे नांगरलेल्या आरमाराने समुद्रात जायला नकार दिला, तेव्हा त्यांच्या अर्जात शतकाहून अधिक काळ न वाढलेल्या पगाराखालोखाल हीच मागणी होती: पौंड सोळा औंसांचा करा. बंदरात असताना ताजी भाजी द्या, आजाऱ्यांची नीट काळजी घ्या, याही मागण्या होत्या. जुन्याच थट्टा आता अर्जाच्या भाषेत आल्या होत्या. महिनाभराने मुख्य मागण्या मान्य झाल्या.

मुंबई, फेब्रुवारी १९४६

याच ब्रिटिश घडणीचे आरमार भारतातही होते: रॉयल इंडियन नेव्ही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची माणसे त्यात पिढ्यान् पिढ्या भरती होत आली होती, आणि दुसऱ्या महायुद्धात देशभरातून शिकलेले तरुण आले. निकृष्ट जेवण, गोऱ्या नौसैनिकांपेक्षा कमी पगार आणि अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांबद्दलच्या तक्रारी वाऱ्यावर गेल्या. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतील 'तलवार' या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील नौसैनिकांनी जेवण नाकारले. काही दिवसांतच ७८ जहाजे, किनाऱ्यावरील २० केंद्रे आणि सुमारे वीस हजार नौसैनिक संपात उतरले.

हा उठाव केवळ जेवणाचा नव्हता. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा, इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलवा, अशाही मागण्या त्यात होत्या. तरीही त्याची ठिणगी ताटाजवळ पडली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. या तरुणांनीही एक नाव ठेवले. आपल्या आरमाराला ते 'इंडियन नॅशनल नेव्ही' म्हणू लागले. यावेळी नावात थट्टा उरली नव्हती. नौसैनिकांची रसद तोडण्यात आली, तेव्हा मुंबईच्या सामान्य लोकांनी गेटवेजवळ त्यांच्यासाठी खाद्यपदार्थ आणून दिले. २३ फेब्रुवारीला उठाव थांबला. तोवर मुंबईत गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली होती.

कोठावळ्याचा पौंड, खारा घोडा, ग्रॉग, फॅनी ॲडम्स या नावांना आम्ही एक प्रकारची मोजमापे मानतो. कोणत्याही अहवालाच्या कितीतरी आधी ती काहीतरी बिघडल्याचे दाखवत होती. त्यांचा काटा 'लायमी'सारखा कधी चुकीच्या फळाकडेही वळे, म्हणून पडताळणी हवीच. पण पडताळणी करायची तर आधी ऐकायला हवे.

आपल्या शाळेत मुले खिचडीला, पाण्याच्या टाकीला, स्वच्छतागृहाला काय नावे ठेवतात, याची एक यादी एखाद्या शनिवारी मुलांकडूनच करून घ्यावी. हसून झाल्यावर प्रत्येक नावासमोर एकच प्रश्न लिहावा: हे मोजायचे कसे? खिचडीतली डाळ तोलता येईल, टाकीतल्या पाण्याचा गढूळपणा तपासता येईल. त्या मापनातून काही निघाले, तर ते मुख्याध्यापकांच्या मेजावर ठेवावे. अर्जाची वेळ येण्यापूर्वीच.